पूर्वपक्षाचा धडा कुणासाठी?

३१ मे २०२२ रोजी नाशिकमध्ये एक शास्त्रार्थसभा भरली होती. विषय होता हनुमंताच्या जन्मस्थानाचा. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील अंजनेरी, की तुंगभद्रेकाठची किष्किंधा? तिरुमलाच्या देवस्थानाने आदल्याच वर्षी अंजनाद्रीचा दावा पुढे केला होता, तो तिसरा. पुराणांतील उल्लेख, स्थलपरंपरा, लोकश्रुती असे कितीतरी साहित्य त्या सभेत मांडले गेले असते, तर ऐकणाऱ्यांना चार गोष्टी नव्याने कळल्या असत्या. प्रत्यक्षात आसन कुणाचे उंच आणि कुणाचे खाली, यावरून ठिणगी पडली, आवाज चढले, आणि प्रकरण हातघाईवर येता येता सभा निर्णयाविना आटोपली. दूरचित्रवाहिन्यांना दृश्ये मिळाली. हनुमंताचे जन्मस्थान होते तिथेच राहिले.

ही आठवण साधुसंतांची उणीदुणी काढण्यासाठी नाही. विधिमंडळापासून गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत हाच अनुभव सर्वत्र येतो. खंत वेगळी आहे. ज्या भूमीने वादाचेच शास्त्र रचले, त्या भूमीत ही गत व्हावी! सत्य जाणण्यासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे नुसते पाडण्यासाठी चालते ती वितंडा, असे चर्चेचे तीन प्रकार न्यायदर्शनाने स्वच्छ वेगळे केले. आपल्या भाष्यकारांनी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी मांडला. पुष्कळदा खुद्द प्रतिपक्षालाही साधले नसते इतक्या नेटकेपणाने मांडला, आणि मगच त्याला उत्तर दिले. अमर्त्य सेन यांनी २००५ मध्ये भारतीयांच्या वादप्रियतेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा आपल्याकडील अनेक विद्वानांना या परंपरेचा साक्षात्कार झाला. काशी, मिथिला आणि पैठण येथील पाठशाळांना तो बराच आधी झालेला होता.

त्र्यंबकेश्वराचा या शास्त्राशी नातेसंबंध आहे. ब्रह्मगिरीवर तप करून गोदावरी आणणारे गौतम ऋषी आणि न्यायसूत्रांचे कर्ते अक्षपाद गौतम एकच की निराळे, हा विद्वानांचा विषय आहे आणि तो त्यांच्याकडेच ठेवावा. परंतु पुराणकथेतील गौतमांवर गोहत्येचा जो आळ आला, तो एका मायावी गायीमुळे, म्हणजे खोट्या प्रत्यक्षामुळे आला, ही गोष्ट प्रमाणशास्त्र शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हाती धरण्यासारखी आहे. डोळ्यांनी पाहिलेलेसुद्धा तपासून घ्यावे लागते.

प्रश्न असा की हे शास्त्र आज शिकवायचे कुठे, कोणत्या वयात आणि कुणाला? वय सांगणे सोपे आहे. अकरा ते चौदा, म्हणजे सहावी ते आठवी. या वयात मूल पहिल्यांदा ‘का?’ हा प्रश्न केवळ कुतूहलाने न विचारता आव्हान म्हणून विचारू लागते. घरात त्याला आपण उलट उत्तर म्हणतो. शाळेने त्याच उलट उत्तराला वळण लावायचे असते. ‘कुणाला?’ हा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि बहुतेक शाळा तिथेच अडतात.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सातवीचा एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. एका मुलाच्या घरी रोज वर्तमानपत्र येते, वडील यात्रेकरूंची धार्मिक कृत्ये करतात, देशभरातील माणसे ओसरीवर येऊन बोलत बसतात. दुसऱ्या मुलीची आई कुशावर्ताजवळ फुले-बेल विकते; हिशेबात ती कुणाला हार जाणार नाही, पण सलग पाच ओळी लिहायच्या म्हटल्या की तिची लेखणी थांबते. तिसरा हरसूलकडच्या एखाद्या वनवासी पाड्यावरचा. पावसाळा सरला की आईवडील निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात, मुलगा आश्रमशाळेत किंवा आजीपाशी. त्याची घरची बोली निराळी आणि पुस्तकातील मराठी निराळी. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत आठवीतल्या सुमारे एक तृतीयांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही नीट वाचता येत नाही. म्हणजे वैचारिक निबंधाचा तास सुरू होतो, तेव्हा एकाच बाकावर अग्रलेख वाचणारा आणि जोडाक्षराला अडखळणारा, असे दोघे शेजारी बसलेले असतात.

अशा वर्गात आज काय चालते? फळ्यावर विषय पडतो: ‘विज्ञान: शाप की वरदान’. गुरुजी मुद्दे सांगतात, मुले उतरवून घेतात. ज्याला जमते तो मार्गदर्शकातील निबंध पाठ करून येतो. ज्याला जमत नाही तो तोच निबंध अर्धा पाठ करून येतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, ती मराठी माणसाला स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या भाषेत वाद घालण्याची सवय लागावी म्हणून. आज ‘निबंधमाला’ हे नाव तयार निबंधांच्या पुस्तकांवर छापलेले दिसते. शाप की वरदान, याचे उत्तर चाळीसही वह्यांत ‘दोन्ही’ असे येते. चाळीस जणांचे एकमत व्हावे इतका हा प्रश्न सोपा नाही. ते एकमत पुस्तकाचे असते.

काही कळकळीचे शिक्षक दुसरा मार्ग धरतात. वर्गाचे दोन भाग करतात. हुशार मुलांना वादस्पर्धा, निबंधस्पर्धा. मागे राहिलेल्यांना शुद्धलेखन आणि सुवाच्य अक्षर. हा मार्ग दयाळू दिसतो, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. पहिल्या प्रकारात निदान सर्वांवर सारखा अन्याय होतो. दुसऱ्यात मात्र काही मुलांना विचार आणि काहींना केवळ अक्षर, अशी वाटणी होते. ज्याचे वाचन कच्चे त्याची विचारशक्तीही कच्ची, हे गृहीतच चुकीचे आहे. मराठीत मंद मुलाला ‘ढ’ म्हणतात. लिपीच्या सगळ्या स्थित्यंतरांत ढ हे अक्षर बदललेच नाही, म्हणून ते नाव पडले, असे सांगतात. बदलत नाही तो ढ! पण अक्षर बदलायला हात लागतो. तो कुणी लावलाच नाही, तर दोष अक्षराचा कसा?

आपल्या परंपरेत यावर उत्तर आहे, पण ते नीट समजून घ्यावे लागेल. अधिकारभेद हा शब्द आपल्याकडे जुना आहे. शिकणाऱ्याची तयारी पाहून उपदेश करावा, हा त्याचा मूळ आशय. तयारी जन्मावरून ठरवण्याची चूक समाजाने कित्येक शतके केली आणि तिची किंमत अजून फेडतो आहे. म्हणून हा शब्द उच्चारताना अपराधाची जाणीव हवीच. तथापि मूळ कल्पना टाकण्यासारखी नाही. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ लिहिला, तो नवशिक्यांना सुखाने बोध व्हावा म्हणून. अगदी थोडक्या पानांचा. आणि त्याच ग्रंथावर त्यानेच ‘दीपिका’ ही टीका लिहिली, ती पुढे गेलेल्यांसाठी. विषय तोच, क्रम तोच, उदाहरणेही बरीचशी तीच, खोली वेगळी. नवशिक्याला त्याने दुसरे कोणते तरी सोपे शास्त्र दिले नाही. न्यायच दिला.

इंग्रजांच्या आधीच्या गावशाळांतही वर्ग नावाची भिंत नव्हती. धर्मपाल यांनी मद्रास इलाख्यातील १८२० च्या दशकातील पाहणीचे कागद १९८३ मध्ये प्रकाशात आणले, त्यांतून त्या शाळांचे चित्र दिसते. जो तो आपापल्या गतीने पुढे जाई आणि पुढचा मागच्याला शिकवी. अँड्र्यू बेल याने मद्रासेत हीच रीत पाहून ती इंग्लंडात नेली, आणि आपण मात्र वयानुसार भरलेल्या आणि सर्वांना एकच मात्रा देणाऱ्या वर्गाला आधुनिक समजून बसलो. आता अमेरिकेत कॅरॉल ॲन टॉमलिन्सन यांनी १९९० च्या दशकापासून मांडलेला विभेदित अध्यापनाचा विचार आपल्या प्रशिक्षणवर्गांतून परत येत आहे. यावे, स्वागत आहे. फक्त पाहुणा म्हणून येणाऱ्याला घरचा माणूस ओळखता आला म्हणजे झाले.

तर मग सातवीच्या त्या वर्गात नेमके काय करायचे? विषय घरचा घ्यावा. ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव गेल्या काही वर्षांत पुढे आला, आणि त्याला निसर्गप्रेमींनी विरोध केला. ‘रोपवे व्हावा का?’ हा प्रश्न सर्वांना एकच. येथे तडजोड नाही. हुशारांना रोपवे आणि इतरांना ‘माझा आवडता सण’ असे करायचे नाही.

पहिला अर्धा तास लेखणी बंद. केवळ बोलणे, आणि तेही ज्याच्या त्याच्या बोलीत. न्यायशास्त्र चार प्रमाणे सांगते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. या मिश्र वर्गाची खरी श्रीमंती इथे उघडी होते. शेळ्यांमागे डोंगर हिंडलेल्या मुलाने अंजनेरीच्या कड्यावर गिधाडे पाहिलेली असतात. त्याच्याजवळ प्रत्यक्ष आहे. फुले विकणाऱ्या बाईच्या मुलीला म्हाताऱ्या यात्रेकरूंचे गुडघे ठाऊक असतात, आणि गर्दी कुठे वळली की धंदा कुठे वळतो हेही. वर्तमानपत्र वाचणाऱ्याजवळ शब्दप्रमाण आहे: अंजनेरीचे नाव धारण करणारी, केवळ तिथल्या परिसरात आढळणारी कंदीलपुष्पाची एक जात आहे, आणि हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे, हे तो सांगेल. एकसारख्या मुलांच्या वर्गात हा वाद इतका भरला नसता. वर्गातील विविधता ही शिक्षकाला अडचण वाटते. वादाच्या तासापुरती तरी ती भांडवल आहे.

मग लेखन. न्यायाचे पाच अवयव म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. तसाच धूर इथे आहे. म्हणून इथे अग्नी आहे. दीड-दोन हजार वर्षे विद्यार्थी हे पाठ करत आले. सातवीसाठी या नावांची गरज नाही, पायऱ्यांची आहे.

ज्याला लिहिणे जड जाते त्याने पहिल्या दोन पायऱ्या लिहाव्यात: ‘रोपवे नको, कारण…’ किंवा ‘रोपवे हवा, कारण…’ तेही जमत नसेल तर त्याने सांगावे आणि शेजाऱ्याने जसेच्या तसे उतरवून घ्यावे, मग स्वतःचेच वाक्य त्याने वाचावे. स्वतःचे वाक्य वाचताना मूल जितके अडखळत नाही, तितके पुस्तकातील वाक्य वाचताना अडखळते. मधल्या मुलांनी उदाहरण जोडावे. सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, तिथे वृद्धांची सोय झाली, म्हणून इथेही होईल, असे कुणीतरी लिहीलच.

आता उपनय. इथे मात्र हुशार आणि मागे पडलेले दोघेही घसरतात, आणि शिक्षकाने सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. दिलेले उदाहरण आपल्या प्रकरणाला लागू पडते का? सप्तशृंगगडावर गाव आहे, दुकाने आहेत, रस्ता आधीपासून आहे. अंजनेरीचा माथा तसा आहे का? सोय होईल हे खरे, पण गडाचे जे आहे ते उरेल का? किंवा उलट बाजूने, तारेवरून जाणाऱ्या पाळण्याने रस्त्याइतका डोंगर फोडावा लागतो का? आपल्या सार्वजनिक चर्चेत उदाहरणांचा सुकाळ आहे, उपनयाचा दुष्काळ. ‘तिकडे झाले, मग इथे का नाही?’ या एका वाक्यावर कितीतरी निवडणुका जिंकल्या गेल्या आहेत. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये पुरावा आणि दावा यांना जोडणाऱ्या दुव्याचे महत्त्व सांगितले. पाश्चात्त्य शाळांतील वादलेखन बरेचसे त्यावर उभे आहे. तो दुवा आपल्याकडे व्याप्ती आणि उपनय या नावांनी फार पूर्वीच बांधलेला होता.

ज्यांची पाचही पायऱ्यांची तयारी झाली, त्यांना ‘अजून एक पान लिही’ असे सांगणे म्हणजे शिक्षा. त्यांना पूर्वपक्ष द्यावा. रोपवे हवा म्हणणाऱ्याने रोपवे नको हे इतके चोख लिहावे की विरुद्ध बाजूचा मित्र वाचून म्हणेल, ‘हो, माझे म्हणणे हेच.’ तो तसे म्हणाला नाही तर लेखन अपुरे. आणि तो मित्र बहुधा शेळ्यांमागे हिंडणाराच असेल. म्हणजे वर्गातील सर्वांत पुढच्याला सर्वांत मागच्याकडे उत्तीर्ण होण्यासाठी जावे लागेल. ही योजना कोणत्याही समरसतेच्या भाषणापेक्षा अधिक काम करील.

एक पथ्य पाळावे लागेल. हे गट कायमचे नसावेत. ‘प्रथम’ संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवून वाचन शिकवण्याची पद्धत रूढ केली आणि वाचनापुरती ती उपयुक्तही ठरली. परंतु वाचनात मागचा असलेला वादात पुढचा निघू शकतो. प्रत्येक नव्या प्रश्नाला पायरी नव्याने ठरावी. रोपवेच्या विषयात दोन पायऱ्यांवर थांबलेली मुलगी बाजारातील भावाच्या विषयात पाचही चढेल.

याला आक्षेप येतील. पहिला घरातूनच येईल: मुलांना वाद घालायला शिकवले तर ती उद्धट होतील, मोठ्यांचा मान राखणार नाहीत. संस्काराची काळजी वाहणाऱ्यांनी हा आक्षेप गांभीर्याने घ्यावा. पण मग नचिकेत्याला आपण उद्धट म्हणणार का? भर सभेत याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारणाऱ्या गार्गीला? गीता तर अर्जुनाच्या शंकांवरच उभी आहे, आणि शेवटी भगवंत त्याला सर्वाचा विचार करून इच्छेस येईल तसे करण्याची मोकळीक देतात. ती गीता मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेवांचे गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरातच आहे. १२९० मध्ये शास्त्र लोकांच्या बोलीत येऊ शकले, तर आज पाड्यावरच्या मुलाची प्रतिज्ञा त्याच्या बोलीत ऐकून घ्यायला कमीपणा का वाटावा? उद्धटपणा वितंडेतून येतो. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी लिहून काढावे लागले की आवाज आपोआप खाली येतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो अधिक खरा आहे. इतक्या वह्या, इतक्या पायऱ्या, वर निवडणुकीची आणि माहिती भरण्याची कामे. वेळ कुठून आणायचा? शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि भाषेसाठी स्वतंत्र शिक्षक असावा असे २००९ मध्येच म्हटले आहे. ते जिथे पाळले जात नाही तिथे शिक्षकाला दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. तरीही आठवड्यातून एक तास, महिन्याला एकच प्रश्न, आणि तपासायला निबंधाऐवजी दोन ते दहा ओळी, इतके शक्य आहे. चार पानांचा उतरवलेला निबंध तपासण्यापेक्षा चार स्वतःच्या ओळी तपासणे हलके असते.

हे सारे परीक्षेतील गुणांसाठी करायचे असते तर एवढा खटाटोप नको होता. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे वनवासी कुटुंबाला दाखवावे लागते, आणि नियमांनुसार त्यासाठी एकाहून अधिक पुरावे लागतात. गावातील वृद्धाचे लेखी नोंदवलेले निवेदन हाही त्यांतील एक मान्य पुरावा आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, सारे तिथे लागते. दावा ग्रामसभेत किंवा उपविभागीय समितीत अडला, तर वरच्या समितीकडे दाद मागण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. दावा नाकारण्याचे कारण हा तेथे पूर्वपक्ष, आणि अपील म्हणजे त्याला उत्तर. मोर्चात घोषणा देणारे हजारोंनी मिळतात. हे उत्तर लिहिणारा पाड्यावर एकही नसेल तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातून लिहिले जाते, आणि लिहिणाऱ्याचा हेतू त्यात मिसळतो. वनवासी समाजाच्या भोळेपणाचा लाभ उठवणाऱ्यांबद्दल आपण नेहमी बोलतो. त्याच समाजातील सातवीच्या मुलीला शुद्धलेखनाच्या रांगेत बसवून विचाराच्या तासातून वगळणारे आपलेच असतात, याबद्दलही बोलले पाहिजे.

राज्याचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने वरच्या इयत्तांना लागू होणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरा आणि चिकित्सक विचार या दोहोंचा आग्रह धरला आहे. सहावी ते आठवीच्या भाषेच्या पुस्तकांत या दोहोंचा सांधा जुळवण्याची संधी येथे आहे. न्यायदर्शनावर एक गौरवपर पाठ आणि खाली ‘रिकाम्या जागा भरा’, एवढ्यावर ती संपू नये. प्रत्येक पुस्तकात तीन-चार स्थानिक प्रश्न, प्रत्येकाखाली पायऱ्यांची मोकळी जागा, आणि शिक्षकासाठी कोणत्या मुलाला कुठून सुरुवात करून द्यावी याचे अर्ध्या पानाचे टिपण, इतके पुरे. आश्रमशाळा चालवणाऱ्या आदिवासी विकास विभागाचे आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थाही आहे, आणि त्र्यंबकेश्वरात न्यायाचा परिचय असलेले शास्त्री आहेत. या तिघांना एका टेबलाशी बसवायला पुस्तके छापून येण्याची वाट पाहावी लागत नाही. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्या निमित्ताने रस्ते, घाट आणि वाहनतळ यांच्या बैठका होतच आहेत. त्यांतील एखादा विषयच पहिला प्रश्न म्हणून त्र्यंबकच्या सातवीला द्यावा, आणि उत्तरे नगरपरिषदेने मागवून घ्यावीत.